गाडी आपल्या दारातून, टाइमटेबल मात्र दुसऱ्याचं

नगरच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर एक प्रश्न टाकून बघा : पुण्याला कसा जाणार? उत्तर ठरलेलं असतं. एसटी, शिवशाही, ट्रॅव्हल्स, नाहीतर मित्राची गाडी आणि पेट्रोल निम्मं निम्मं. ‘रेल्वेने’ असं म्हणणारा सहसा सापडत नाही. आणि सापडलाच, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात जणू त्याने बैलगाडी म्हटलं.

गंमत म्हणजे आपल्या शहराला रेल्वे नाही असं अजिबात नाही. गोव्याहून दिल्लीला जाणारी गोवा एक्स्प्रेस नगरवरून जाते. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम, हावड्याला जाणारी आझाद हिंद, बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक, कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस, सगळ्या इथूनच. ऑगस्ट २०२५ पासून नागपूर-पुणे वंदे भारतही अहिल्यानगरला थांबते. देशाच्या चार दिशांना जाता येतं, पण सकाळी पुण्यात लेक्चर करून रात्री घरी जेवायला परत येता येईल अशी, आपल्यासाठी म्हणून आखलेली गाडी मात्र नाही. नगर-पुणे इंटरसिटी किंवा शटल हवी, ही मागणी प्रवासी संघटना कित्येक वर्षं करतायत. आपल्यातल्या अनेकांच्या जन्माच्या आधीपासून म्हटलं तरी चालेल.

हा लेख त्या मागणीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त एका प्रश्नाबद्दल : गाडी कधी सुटावी, कुठे थांबावी, पूल कुठे बांधावा, भुयारी मार्गात पाणी साचू नये, हे सांगायचा अधिकार आपल्याला आहे का? आणि असेल, तर आपण तो वापरतो का?

रूळ जुने, गरज नवी

दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला १८७८ मध्ये. त्या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि मुंबईहून दक्षिणेकडे व उत्तरेकडे जाणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा दुवा म्हणून ही लाइन टाकली गेली. म्हणजे मुळातच हा मार्ग ‘नगरच्या लोकांनी रोज पुण्याला जावं’ म्हणून बांधलेला नव्हता. तो होता दौंड आणि मनमाड या दोन जंक्शनना जोडणारा शॉर्टकट. आजही आपली अडचण नेमकी तीच आहे. आपल्याकडून जाणाऱ्या बऱ्याचशा मोठ्या गाड्यांचं वेळापत्रक त्या कुठून सुटतात आणि कुठे पोचतात यावर ठरतं. दिल्लीला सोयीच्या वेळी पोचायचं, तर नगरला ती गाडी मध्यरात्री आली काय आणि भर दुपारी आली काय, वेळापत्रक करणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

दुसरी अडचण भूगोलाची. रस्त्याने नगर-पुणे अंतर साधारण १२० किलोमीटर. रेल्वेने आधी दक्षिणेला दौंडपर्यंत जायचं आणि तिथून पश्चिमेला वळायचं. त्यामुळे अंतर होतं सुमारे १६० किलोमीटर. पूर्वी यात आणखी एक दुखणं होतं. दौंड जंक्शनला गाडीचं तोंड बदलायचं, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं. त्यात अर्धा-पाऊण तास जायचा. आता ‘दौंड कॉर्ड लाइन’ झाल्यामुळे नगरकडून येणारी गाडी जंक्शनात न शिरता परस्पर पुण्याकडे वळू शकते. मार्गाचं विद्युतीकरण झालं, दुहेरीकरणाचे बरेचसे टप्पेही झाले.

आता जरा साधा हिशोब करू. १६० किलोमीटर अंतर, सरासरी वेग ताशी ७० धरला तरी सव्वादोन-अडीच तास. वाघोली आणि शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या एसटीलाही कमी-जास्त तेवढाच वेळ लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे ‘रेल्वे लांबून जाते म्हणून परवडत नाही’ हे जे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, ते आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. रूळ तयार आहेत, वळण तयार आहे. अडलंय ते वेळापत्रकात.

दीडशेची मेख

समजा उद्या अशी गाडी सुरू झाली. सकाळी सहाच्या सुमाराला नगर, साडेआठला पुणे. मस्त. पण रोजचं तिकीट काढून कोण जाणार? रोजचा प्रवासी पासावर जगतो. आणि इथे एक मेख आहे जी आपल्या चर्चेत क्वचितच येते.

रेल्वेचा मासिक पास साधारणपणे १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो. नगर-पुणे रेल्वे अंतर १६० च्या आसपास. म्हणजे दहा किलोमीटरने आपण पासाच्या बाहेर! रस्त्याने मोजलं तर आत, रुळाने मोजलं तर बाहेर.

मग हा नियम दगडावरची रेघ आहे का? नाही. पुणे-मुंबई रेल्वे अंतर १९२ किलोमीटर आहे आणि नाशिक रोड-मुंबईही दीडशेच्या वर आहे. तरी या दोन्ही मार्गांवर वर्षानुवर्षं पासधारक प्रवास करतात. डेक्कन क्वीनचे पासधारक आणि पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक ही तर महाराष्ट्राच्या रेल्वेतली एक संस्कृतीच आहे. पंचवटीच्या पासधारकांनी स्वतःसाठी ‘आदर्श डबा’ चालवला. डब्यात गोंगाट नाही, पत्ते नाहीत, कचरा नाही, असे नियम प्रवाशांनी स्वतः ठरवले आणि स्वतः पाळले. म्हणजे अपवाद होतो. पण तो मागणारे लोक रोज एकाच डब्यात भेटतात, संघटना करतात, पाठपुरावा करतात, तेव्हा होतो.

म्हणून ‘इंटरसिटी द्या’ या मागणीला ‘आणि पास द्या’ ही दुसरी ओळ जोडायलाच हवी. पहिली मान्य झाली आणि दुसरी राहिली, तर गाडी येईल, रिकामी धावेल आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणून एक दिवस बंद होईल. मग पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडलं की तेच उत्तर मिळेल : दिली होती की गाडी, बसलं कोण?

विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. रेल्वेच्या सवलतीच्या नियमांत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळण्याची तरतूद आहे. बारामतीच्या नाही, लोणावळ्याच्या नाही, आपल्याच राहुरी-नगर, श्रीगोंदा-नगर मार्गावरच्या मुलींसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! एसटीने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास दिला. ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आहे, ज्यांचा जन्म आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. या सवलतींमुळे किती मुलींचं कॉलेज टिकलं हे आपल्या वर्गात बघितलं तरी कळतं. मग बारावीनंतरच्या तीन वर्षांसाठी रेल्वेची तरतूद असताना ती कागदावर का राहावी? कारण पास आहे, पण कॉलेजच्या वेळेची गाडी नाही.

सकाळची गाडी उलट्या दिशेला

वेळेचं महत्त्व कळायला आष्टीच्या गाडीचं उदाहरण पुरेसं आहे. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. त्यातला नगर ते न्यू आष्टी हा ६७ किलोमीटरचा तुकडा तयार होऊन २३ सप्टेंबर २०२२ रोजी डेमू गाडी सुरू झाली. दोन पिढ्यांनी वाट बघितलेली गाडी. लोकांनी इंजिनाला हार घातले, फोटो काढले.

आता त्या गाडीचं सुरुवातीचं वेळापत्रक बघा. सकाळी पावणेआठला नगरहून सुटायची, साडेदहाला आष्टीत. अकराला आष्टीहून परत, नगरला दुपारी दोनच्या आसपास. म्हणजे कडा किंवा आष्टीच्या मुलाला नगरला कॉलेजला यायचं असेल, तर तो दुपारी दोनला पोचणार. तोपर्यंत प्रॅक्टिकलही संपलेलं. हॉस्पिटलला येणाऱ्याची ओपीडी संपलेली. कोर्टात तारीख असलेल्याचा पुकारा होऊन गेलेला. आणि ६७ किलोमीटरला पावणेतीन तास!

गरज होती सकाळी आष्टीहून नगरला येण्याची आणि संध्याकाळी परत जाण्याची. गाडी होती बरोबर उलटी. मग ती भरणार कशी?

पण इथे रेल्वेवर नुसतं तोंडसुख घेऊन भागत नाही. असं का होतं हेही समजून घ्यायला हवं. सकाळी आष्टीहून गाडी सोडायची तर ती गाडी रात्री आष्टीत मुक्कामाला हवी. मुक्काम म्हणजे चालक-गार्डच्या विश्रांतीची सोय, डब्यांची सुरक्षा, पाणी, साफसफाई, बिघाड झाला तर दुरुस्ती. यातलं काही शेवटच्या स्टेशनवर नसेल, तर गाडी मोठ्या स्टेशनवरून सकाळी निघून तिथेच परत येते. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, हीच लाइन बीडपर्यंत पोचली. तिथेही सुरुवात झाली ती सकाळी अहिल्यानगरहून निघणाऱ्या गाडीनेच.

म्हणून ‘वेळ बदला’ एवढी सूचना अर्धवट आहे. पूर्ण सूचना अशी असते : ‘गाडीचा रात्रीचा मुक्काम बीड किंवा आष्टीला करा, त्यासाठी तिथे अमुक सोय करा, म्हणजे ती सकाळी नगरकडे सुटू शकेल.’ पहिली वाचून अधिकारी मान हलवतो. दुसरी वाचून त्याला फाइल उघडावी लागते.

‘रोड’ नावाची स्टेशनं

दौंडकडून नगरला येताना स्टेशनांची नावं नीट वाचा. श्रीगोंदा रोड. रांजणगाव रोड. हे ‘रोड’ म्हणजे काय? रेल्वेच्या भाषेत याचा सरळ अर्थ : गाव इथे नाही, इथून रस्ता जातो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

श्रीरामपूरची तर वेगळीच कथा. शहर श्रीरामपूर, स्टेशनचं नाव मात्र बेलापूर. पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्या बाहेरच्या मित्राला हे समजावून सांगेपर्यंत त्याने नवी मुंबईचं बेलापूर शोधून झालेलं असतं. कोपरगावचं स्टेशनही गावाबाहेर. नगरचं स्टेशन शहराच्या दक्षिण बाजूला, आणि आपली कॉलेजं, माळीवाडा बसस्थानक, दिल्ली गेट वेगळीकडे.

रेल्वेच्या प्रवासाला रेल्वेइतकंच महत्त्व असतं ते स्टेशनपासून दारापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याला. पहाटे साडेपाचला सावेडीतून स्टेशनला पोचायला रिक्षाला जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात कधीकधी पुढचं रेल्वेचं तिकीट येतं. रात्री नऊला उतरलेल्या मुलीला स्टेशनबाहेर उजेड आहे का, शेअर रिक्षा आहे का, सिटी बस आहे का, यावर ती रेल्वेने जाणार की होस्टेलवर राहणार हे ठरतं. आणि होस्टेलचा खर्च झेपत नसेल, तर ती पुण्यातलं ॲडमिशन घेणार की नाही हेही. या साखळीतली शेवटची कडी रेल्वेच्या हातात नाही. ती महापालिकेच्या, एसटीच्या, वाहतूक पोलिसांच्या हातात आहे. पण मागणीचं निवेदन मात्र आपण एकट्या रेल्वेला देतो.

पूल म्हणजे फक्त उड्डाणपूल नव्हे

नगरमध्ये ‘पूल’ म्हटलं की आता डोळ्यांपुढे येतो तो सक्कर चौकाजवळून सुरू होणारा, सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल. १९ नोव्हेंबर २०२२ ला तो खुला झाला आणि त्याच्या खांबांवर शिवचरित्रातली चित्रं आली. पुण्याकडून येऊन संभाजीनगरकडे निघून जाणाऱ्यांसाठी तो वरदान आहे. पण पुलाखालून पायी रस्ता ओलांडणाऱ्याचं काय? वरून जाणाऱ्याचे मिनिटं वाचली हे मोजता येतं. खालून ओलांडणाऱ्याचा जीव मुठीत धरून गेलेला वेळ कुठल्याच अहवालात येत नाही.

गावाकडे तर पुलाचा अर्थच वेगळा. रेल्वेने ब्रॉडगेजवरची चौकीदार नसलेली फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. अपघात कमी झाले, हे फार चांगलं झालं. अनेक ठिकाणी फाटकाच्या जागी रुळांखालून भुयारी मार्ग आले. पावसाळ्यात यातल्या कितीतरी मार्गांचं तळं होतं. राज्यभर कुठेही जा, रेल्वेलाइनवरच्या गावात ही तक्रार ऐकू येते. कॉलेजला बाइकवर जाणाऱ्या पोराला तेव्हा दोनच पर्याय : पाण्यात गाडी घालायची, किंवा रूळ ओलांडायचा. आणि मार्ग दुहेरी झाला, गाड्यांचा वेग वाढला, की रूळ ओलांडणं जास्तच जिवावरचं होतं.

पुलांच्या बाबतीत नागरिकांचं न ऐकण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बसगाड्यांसह. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. हा पूल गर्दीला पुरत नाही, हे प्रवासी आणि लोकप्रतिनिधी आधीपासून सांगत होते. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता.

एल्फिन्स्टनची पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ अखेर नवा पादचारी पूल उभा राहिला. पाच महिन्यांत. सावित्रीचा नवा पूलही वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये सुरू झाला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. प्रश्न फक्त इतकाच, की ‘ठरवायला’ माणसं मरावीच लागतात का?

एक लाइन, चार मतं

आता थोडी अवघड बाजू. ‘नागरिकांचं ऐका’ म्हणणं सोपं आहे. पण नागरिक म्हणजे कोण?

नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या काळजाजवळचं आहे. मूळ आखणी होती सुमारे २३५ किलोमीटरची, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण अशी. अकोले, संगमनेर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांच्या गावांना आजही रेल्वे स्टेशन नाही. त्यातल्या संगमनेरला पहिल्यांदा गाडी दिसणार होती. पण वाटेत जुन्नर तालुक्यात खोडदला ‘जीएमआरटी’ आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, जगात नावाजलेली रेडिओ दुर्बीण. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश ती टिपते, आणि जवळून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेमुळे त्यात अडथळा येईल हा आक्षेप. त्यावरून केंद्राने आखणी बदलायचं ठरवलं आणि शिर्डी-अहिल्यानगरमार्गे पुण्याचा पर्याय पुढे आला.

झालं! संगमनेर-अकोल्यात आंदोलनं सुरू झाली : मूळ मार्गच हवा. इकडे नगर-शिर्डीकडे अनेकांना पर्याय बरा वाटला. ज्यांच्या शेतातून लाइन जाणार होती त्या शेतकऱ्यांचं म्हणणं तिसरंच. आणि शास्त्रज्ञांचं चौथं. यातलं एकही म्हणणं खोटं किंवा स्वार्थी म्हणून उडवून लावता येणार नाही.

मला यातून एक गोष्ट जाणवली. आपण सूचना करतो तेव्हा ‘आमच्याकडून न्या’ असं म्हणतो. आमच्याकडून नेल्याने दुसऱ्याचं काय जातं, आणि ते कसं भरून काढायचं, हे म्हणत नाही. संगमनेरला मूळ मार्ग मिळाला नाही, तर तिथल्या विद्यार्थ्यांना नाशिक आणि पुण्याला जायला काय मिळणार, याचं उत्तर नगरकरांनीही मागायला हवं. मला तरी वाटतं, तीच खरी नागरिकांची सूचना. बाकीची ओढाताण.

आपलं म्हणणं ऐकायची जागा कुठे?

मोठे महामार्ग प्रकल्प होताना पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. रेल्वे प्रकल्प मात्र २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या बाहेर आहेत. म्हणजे नव्या रेल्वेलाइनसाठी तशी जनसुनावणी बंधनकारक नाही. जमीन जाणार असेल, तर रेल्वे कायद्यानुसार अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत जमिनीशी संबंध असलेल्याला हरकत घेता येते. पण ज्याची जमीन जात नाही, ज्याला फक्त त्या गाडीने रोज कॉलेजला जायचंय, त्याच्यासाठी असा कुठलाच दिवस ठरलेला नाही.

त्याच्यासाठी आहेत त्या सल्लागार समित्या. स्टेशन पातळीवर, विभागाच्या पातळीवर (डीआरयूसीसी) आणि झोनच्या पातळीवर (झेडआरयूसीसी) रेल्वे वापरकर्त्यांच्या समित्या असतात. त्यांत प्रवासी संघटना, व्यापारी मंडळं, ग्राहक संघटना, लोकप्रतिनिधींनी सुचवलेले सदस्य बसतात. विद्यार्थी म्हणून वेगळी खुर्ची नाही. रोज सकाळच्या गाडीत सगळ्यात जास्त जे उभे असतात, ते बैठकीत कुठेच नसतात!

मग करायचं काय? खुर्ची मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, आपल्या जिल्ह्याचे कुठले विषय आले आणि त्यावर काय उत्तर मिळालं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका वडापावापेक्षाही कमी खर्च. आणि कुठल्याही सदस्याला कॉलेजच्या स्टुडंट कौन्सिलकडून लेखी मुद्दा दिला, तर तो बैठकीत मांडायला सांगता येतं.

चौकट : सूचना अशी लिहा की ती फिरून तुमच्याकडे येणार नाही

१. एका पत्रात एकच मागणी. ‘इंटरसिटी, स्वच्छतागृह, पूल, थांबा’ असं सगळं एकत्र लिहिलं, तर ते कुठल्याच टेबलावर थांबत नाही.

२. ठिकाण नेमकं द्या. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला, भुयारी मार्गाला क्रमांक असतो. रुळाशेजारी किलोमीटरची खूण आणि विजेच्या खांबांवर आकडे असतात. ‘गावाजवळच्या बोगद्यात पाणी’ असं नको. पूल क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो द्या. पण फोटोसाठी रुळावर उतरू नका, तो गुन्हाही आहे आणि वेडेपणाही.

३. तुम्ही किती जण, ते मोजून सांगा. आपल्या कॉलेजात रोज राहुरी, वांबोरी, बेलापूर, विसापूर, श्रीगोंद्याकडून येणारे किती, किती वाजता पोचायचं असतं, किती वाजता सुटतं. एनएसएसचं एक युनिट एका आठवड्यात हे करू शकतं.

४. कारण ओळखा. वेळ बदलायला अडचण मुक्कामाची आहे, मार्गावरच्या गर्दीची आहे की पुणे स्टेशनवर जागा नसण्याची? पुण्याला प्लॅटफॉर्म सहाच आहेत. मग गाडी हडपसरपर्यंत आणा आणि पुढे बसची जोड द्या, असा पर्याय तुम्हीच सुचवा.

५. रोजच्या अडचणीसाठी १३९ किंवा रेल मदद. धोरणाच्या मागणीसाठी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं कार्यालय, प्रत खासदारांना. स्टेशनबाहेरच्या रस्त्यासाठी महापालिका किंवा नगरपरिषद. पत्ता चुकला की महिना गेला.

६. पोच घ्या. तारीख टाका. तीस दिवसांनी पुन्हा विचारा.

तिकीट हेही मतच

शेवटी एक कडू गोष्ट. छोट्या स्टेशनवर थांबा द्यायचा की काढायचा हे ठरवताना रेल्वे तिथली तिकीटविक्री बघते. कोरोनात मार्च २०२० मध्ये सगळ्या पॅसेंजर गाड्या थांबल्या, नंतर सुरू झाल्या तेव्हा अनेक छोट्या स्टेशनांचे थांबे परत मिळवायला लोकांना झगडावं लागलं. अशा वेळी रेल्वेच्या हातात एकच कागद असतो : इथून किती तिकिटं गेली?

‘दोन स्टेशनांचं कशाला तिकीट, कोण बघतंय’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बघत कुणीच नाही, हीच तर अडचण आहे. विनातिकीट चढलेला पोरगा टीसीला सापडत नाही, तसाच तो हिशोबातही सापडत नाही. त्या डब्यात शंभर जण असतील आणि तिकिटं वीस असतील, तर रेल्वेसाठी त्या स्टेशनवर वीसच माणसं राहतात. उरलेल्या ऐंशींनी नंतर कितीही निवेदनं दिली, मोर्चे काढले, तरी आकडा त्यांच्या बाजूने बोलत नाही. मोबाइलवर रेलवन ॲपमधून साधं तिकीट दोन मिनिटांत निघतं. ते फक्त प्रवासाचं भाडं नसतं, ‘आम्ही इथे आहोत’ अशी नोंद असते.

आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटर, राज्यात सगळ्यात मोठं. स्टेशनच्या पाटीवर आता ‘अहिल्यानगर’ आलं. येत्या काही वर्षांत या जिल्ह्यात रुळांचे मोठे निर्णय होणार आहेत : बीड-परळीची लाइन पूर्ण व्हायचीय, नाशिक-पुण्याचा मार्ग ठरायचाय, पुण्याला थेट लाइनची चर्चा चालू आहे. हे रूळ एकदा पडले की शंभर-दीडशे वर्षं हलत नाहीत. १८७८ च्या निर्णयावर आपण आजही दौंडला वळसा घालतोय. तेव्हा इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारतील याची वाट न बघता आधीच सांगितलेलं बरं.

सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय, प्रोजेक्टचे विषय अजून द्यायचेत. तर यंदा तोच तो ‘सोशल मीडियाचा तरुणाईवर परिणाम’ बाजूला ठेवा. सकाळी सात ते दहा या वेळेत तुमच्या स्टेशनवर उभे राहा आणि मोजा : किती चढले, किती उतरले, किती जण गाडी नाही म्हणून रस्त्याकडे वळले. विभागप्रमुखांची सही घ्या, एक प्रत त्यांना द्या आणि एक डीआरएम ऑफिसला पाठवा. मार्क तर मिळतीलच. कुणी सांगावं, जोडीला गाडीही मिळेल.